ढगातले भाडेकरू

चऱ्होलीत खोली भाड्याने द्यायची म्हटलं की तीन गोष्टी आल्याच. एजंटाची दलाली, अकरा महिन्यांचा करार आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं तेव्हा इथे मोकळी शेतं होती, आता टॉवर आहेत. चाकण, भोसरी, मोशीच्या कंपन्यांत कामाला येणारी पोरं बीड-लातूरपासून बिहारपर्यंत कुठून कुठून येतात. घरमालक आधार कार्डाची झेरॉक्स घेतो, फोटो चिकटवतो, फॉर्म भरतो आणि निर्धास्त होतो. पुढे आतला माणूस काय करतो हे त्याला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचंही नसतं. भाडं वेळेवर आलं की झालं!

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे सध्या डोक्यात घोळत असलेला एक वेगळाच घरमालक. क्लाउडवाला.

(घरातली ज्येष्ठ मंडळी हे वाचतात म्हणून थोडक्यात सांगतो. क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नाही. दुसऱ्याच्या मालकीचा कॉम्प्युटर तासाच्या हिशोबाने भाड्याने घ्यायचा, एवढंच. आपला कॉम्प्युटर घरी, तो मात्र कुठल्यातरी थंडगार इमारतीत.)

ॲमेझॉनने २००६ साली असे कॉम्प्युटर भाड्याने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात जी केंद्रं उघडली त्यातलं एक आपल्या पुण्यात आहे. २०२२ साली त्याच कंपनीने पिंपरी वाघेरे इथे सुमारे २५ एकर जमीन घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे ढग ढग म्हणतात तो थेट आपल्या अंगणात उतरलेला आहे.

आता जिथे भाड्याची जागा तिथे वाईट भाडेकरूही येणारच. २००९ च्या डिसेंबरमध्येच ॲमेझॉनच्या भाड्याच्या मशीनवर झ्यूस नावाच्या, बँकेचे पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामचं नियंत्रण केंद्र सापडलं होतं. २०११ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर हल्ला झाला तेव्हाही हल्लेखोरांनी खोट्या नावाने ॲमेझॉनचंच मशीन भाड्याने घेतल्याचं छापून आलं होतं. चोराला क्लाउड का आवडतो, तर जे कारण आपलं तेच त्याचं. स्वस्त, झटपट, कुठूनही मिळतो आणि काम झालं की पाच मिनिटांत बंद करता येतो. शिवाय पत्ता नामांकित कंपनीचा. बँकेच्या पहारेकऱ्याला ॲमेझॉन किंवा गूगलकडून आलेली गाडी अडवावीशी वाटत नाही, कारण रोज हजारो चांगल्या गाड्या तिथूनच येत असतात.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. आमच्या शेजारचे काका भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी त्यांच्या व्हॉट्सॲपवर वाहतूक चलनाचा मेसेज आला. गाडीचा नंबर बरोबर, खाली एक फाइल. काकांचा स्वभाव असा की सिग्नलला पिवळा दिवा दिसला तरी थांबणारे, त्यामुळे चलन आलंच कसं हे बघायला त्यांनी फाइल उघडली. फाइल म्हणजे ॲप होतं. रात्रीतून एक लाख ऐंशी हजार गेले. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले. काकांना पैशापेक्षा जास्त एकच गोष्ट खात होती, "अरे, ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही रे!"

खरंच सांगितला नव्हता. ॲपने काकांचे सगळे एसएमएस परस्पर उचलून कुठेतरी पाठवले होते. हे 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे? २०२५ च्या फेब्रुवारीत झिम्पेरियम या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी भारतीय बँकांच्या ग्राहकांना लुटणाऱ्या अशा जवळजवळ नऊशे ॲपचा अभ्यास मांडला. चोरलेले एसएमएस, कार्डांचे आणि ओळखपत्रांचे तपशील ठेवायला चोरांनी गूगलच्या फायरबेस या क्लाउड सेवेत जागा घेतल्या होत्या. अशा २२२ जागा सापडल्या. त्यात अडीच जीबी माहिती आणि सुमारे ५० हजार लोक. त्यावर कडी म्हणजे या जागांना कुलूपसुद्धा नव्हतं, कुणीही आत जाऊन बघावं!

म्हणजे बघा, दरोडेखोराने लुटीचा माल ठेवायला गोदाम घेतलं तेही भर बाजारपेठेत, नावाजलेल्या मालकाचं, आणि दार सताड उघडं ठेवून. मग पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की मालकाला हे दिसलं कसं नाही?

या प्रश्नावर मी दोन टोकाची उत्तरं ऐकली आहेत. एक गट म्हणतो, कंपनीने प्रत्येकाच्या फाइली उघडून बघाव्यात, चोर सापडलाच पाहिजे. दुसरा गट (यात आमचे बरेच कॉम्प्युटरवाले मित्र आले) म्हणतो, घरमालकाने भाडेकरूच्या खोलीत डोकावायचं नसतं, पोलीस कोर्टाचा कागद घेऊन आले तर बघू. मला दोन्ही पटत नाहीत.

डोकावून बघणं तर नकोच. त्याच क्लाउडवर दवाखान्यांचे रिपोर्ट आहेत, वकिलांचे कागद आहेत, आपले घरगुती फोटो आहेत. डोकावणारं यंत्र किती चुकू शकतं याचं एक उदाहरण २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं. अमेरिकेतल्या एका बापाने आजारी लहानग्याचे फोटो डॉक्टरांना पाठवायला काढले. ते आपोआप गूगलच्या साठवणीत गेले, यंत्राने ते बाललैंगिक शोषणाचे म्हणून पकडले आणि त्याचं खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं काही परत मिळालं नाही.

पण 'आम्हाला काय माहीत' हेही खरं नाही. चांगला घरमालक पडदा सरकवून बघत नाही, पण त्याला बरंच काही कळतं. लाइटचं मीटर कळतं. एका खोलीत चार माणसांचं भाडं आणि रात्री दोनला चाळीस माणसांची ये-जा हे कळतं. शेजारची तक्रार कळते. क्लाउडवाल्याचं तसंच आहे.

क्रिप्टो चलनाचं 'मायनिंग' हे सगळ्यात सोपं उदाहरण. कुठल्याही खऱ्या धंद्याच्या मशीनला दिवस-रात्र असते. सकाळी दहाला ऑफिस उघडलं की काम वाढतं, जेवणाच्या सुट्टीत घटतं, रविवारी झोपतं. चोरून मायनिंग करणारं मशीन मात्र शंभर टक्के जोराने सलग पळतं, ना सुट्टी ना सण. आलेख काढला तर सरळ रेघ! मशीनच्या आत काय आहे ते न बघताही ही रेघ दिसते. २०१८ साली टेस्ला कंपनीच्या क्लाउडमध्येच अशी चोरी उघड झाली होती. तिथल्या एका नियंत्रण पडद्याला पासवर्डच नव्हता. आणि तिथले चोर हुशार, रेघ उंच दिसू नये म्हणून मशीन मुद्दाम हळू चालवत होते.

दुसरी खूण म्हणजे एखादं मशीन बाहेर काय करतंय. काल सुरू झालेलं मशीन आज हजारो अनोळखी पत्त्यांची दारं ठोठावत असेल तर ते हिशोबाचं सॉफ्टवेअर खासच नव्हे. तिसरी खूण खात्याच्या जन्माची. एकाच कार्डावर वीस नावांनी वीस खाती, किंवा दोन वर्षं पुण्यातून शांतपणे चाललेल्या खात्याने अचानक चार खंडांत सगळ्यात महागडी मशीनं सुरू करणं. चौथी खूण तर चव्हाट्यावर असते. आजकाल प्रत्येक वेबसाइटला कुलपाची खूण मिळवायला जे प्रमाणपत्र लागतं, त्याची नोंद जाहीर वह्यांत होते, आणि २०१८ पासून क्रोमने ती नवीन प्रमाणपत्रांना सक्तीचीच केली. एखाद्या बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून साइट निघाली, की पहिला बळी जायच्या आधी ती त्या वहीत दिसू शकते. बघणारा हवा.

२०१८ सालचा कॉसमॉस बँकेचा दरोडा पुणेकर विसरलेले नसतील. तो काही क्लाउडचा गुन्हा नव्हता, पण धडा तोच आहे. ११ ऑगस्टला, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी बारा हजारांहून जास्त वेळा पैसे निघाले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी. यातला प्रत्येक व्यवहार सुटा पाहिला तर साधा, कुणीतरी एटीएममधून पैसे काढले इतकाच. पण पुण्यातल्या सहकारी बँकेचे खातेदार एकाच दुपारी २८ देशांत रांगा लावतील का? गुन्हा एकेका व्यवहारात दिसत नाही, तो सगळ्यांच्या मिळून उमटलेल्या नक्षीत दिसतो. आणि ती नक्षी दिसण्याजोगी उंच जागा फक्त मालकाकडे असते.

आता सरकारचं बघू. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या आपल्या सरकारी संस्थेने निर्देश काढले. क्लाउड, भाड्याचे सर्व्हर आणि व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, संपर्क, कशासाठी घेतलं ही सगळी माहिती पाच वर्षं ठेवायची. नोंदवह्या १८० दिवस सांभाळायच्या. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. थोडक्यात काय, तर ढगातली भाडेकरू नोंदणी! काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी तेव्हा भारतातले सर्व्हरच उचलले.

नोंदणी वाईट असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे नोंदणी झाली की काम झालं असं समजायची खोड आहे. आधारची झेरॉक्स दिली म्हणजे माणूस सज्जन ठरत नाही, आणि झेरॉक्स त्याचीच असेल असंही नाही. सायबर चोरीचे पैसे ज्या खात्यांत जातात ती बहुतेक दुसऱ्याच कुणाची तरी असतात. गरजू पोरं पाच-दहा हजारांसाठी स्वतःचं बँक खातं 'भाड्याने' देतात. पोलीस दारात आले की तेच सापडतात. क्लाउडचं खातंही असंच भाड्याने मिळतं, चोरीच्या कार्डावर उघडता येतं, नाहीतर चांगल्या माणसाचं पळवता येतं. नोंदणीने मिळतं ते नाव. त्या नावामागे चोर आहे की चोराने पुढे केलेला भोळा माणूस, हे नोंदणी सांगत नाही.

आणि इथेच मला खरी भीती वाटते. नाव आणि आयपी पत्ता यावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं ते पुण्याने पाहिलेलं आहे. २००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्यावरून माग काढला आणि बंगळुरूच्या एका तरुण इंजिनीअरला उचलून आणलं. तो येरवड्याला ५० दिवस होता. नंतर कळलं की इंटरनेट कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, तो पत्ता त्याचा नव्हताच. ५० दिवस! ऑर्कुट केव्हाच बंद झालं, पण तो धडा बंद करून चालणार नाही. आज तर एकाच आयपी पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतात, आणि क्लाउडचा पत्ता सकाळी एकाकडे तर संध्याकाळी दुसऱ्याकडे. तासाची चूक झाली तरी माणूस बदलतो.

अख्खी इमारत सील करण्याचा प्रकारही आपल्याकडे झालेला आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मुंबई एटीएसच्या मागणीवरून दहशतवादी मजकूर अडवायला ३२ वेबसाइट बंद केल्या गेल्या. त्यात गिटहब होतं, जिथे जगभरचे प्रोग्रामर आपलं काम ठेवतात. एका खोलीत संशयित, म्हणून पूर्ण सोसायटीचं पाणी तोडलं! पुढे साइट टप्प्याटप्प्याने उघडल्या, पण तोवर ज्यांचं काम अडलं त्यांना कुणी विचारलं?

याचंच छोटं रूप मी अगदी जवळून बघितलं. भोसरी एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं प्रेस पार्ट्सचं वर्कशॉप आहे, चौदा कामगार. हिशोब आणि पगाराचं सॉफ्टवेअर भाड्याच्या क्लाउडवर. ते बसवून देणाऱ्या माणसाने खात्याची गुप्त किल्ली आपल्या जाहीर कोडमध्ये तशीच ठेवली आणि काम सोडून गेला. अशा किल्ल्या शोधत चोरांचे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात. किल्ली मिळाली, मायनिंग सुरू झालं, तीन दिवसांत साडेचार लाखांचं बिल. क्लाउड कंपनीच्या यंत्राने ते पकडलं, हे मान्य करायला हवं. पण सूचना गेली ती सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर. उत्तर आलं नाही म्हणून पूर्ण खातं गोठवलं. महिन्याची सहा तारीख, सातला पगार. मित्र फोन लावतोय तर पलीकडे यंत्र बोलतंय. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' नऊ दिवसांनी खातं उघडलं. चौदा घरांचा पगार लांबला, एकाच्या मुलीची कॉलेजची फी राहिली. चोर सुटला, आणि ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच कुलूप!

म्हणजे एकीकडे काका, ज्यांच्या बाबतीत कुणालाच काही दिसलं नाही. दुसरीकडे हा मित्र, ज्याच्या बाबतीत दिसलं, पण माणूस दिसला नाही. शोध घेणं म्हणजे यंत्राने बोट दाखवणं एवढंच असेल तर या दोन्ही तऱ्हा चालूच राहणार.

माझ्या मते मागण्या साध्या आहेत.

पहिली, मीटर बघा, पडदा सरकवू नका. वापराची नक्षी, पैशाची नक्षी, बाहेरची वागणूक यावर नजर ठेवायची सक्ती करा. आतला मजकूर कोर्टाच्या कागदाशिवाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली मध्यस्थ कंपन्यांबद्दल हेच तत्त्व धरलं, की मजकूर कोर्टाच्या किंवा सरकारच्या आदेशाने काढायचा, कुणीही बोट दाखवलं म्हणून नाही. पण या निकालाच्या आड लपून 'आम्हाला आमचं मीटरही दिसत नाही' असं म्हणता येऊ नये.

दुसरी, संशय आला तर आधी फक्त तेवढा नळ बंद करा. मायनिंगची नवी मशीनं थांबवा, जुनं पगाराचं मशीन चालू ठेवा. तंत्राच्या दृष्टीने हे अवघड नाही, खर्चाचं आहे. म्हणून तर सक्ती हवी.

तिसरी, तक्रारीला माणूस द्या. प्रत्येक क्लाउड कंपनीचा गैरवापर कळवायचा ईमेल पत्ता असतो, पण तो इंग्रजीत, आणि उत्तर येईल तेव्हा येईल. १९३० या हेल्पलाइनवर काकांनी फोन केला तेव्हा तिथल्या मुलीने मराठीत, शांतपणे सगळं लिहून घेतलं. चाळीस हजार वाटेत गोठले आणि पुढे परत मिळाले. सरकारी यंत्रणेला जे जमतं ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांना का जमू नये? चलनाच्या त्या ॲपची फाइल काकांच्या फोनमध्ये होती, त्यात चोराच्या गोदामाचा पत्ता होता. तो पत्ता त्याच रात्री गूगलपर्यंत पोचला असता तर पुढचे कितीतरी काका वाचले असते. आज पोलीस, बँक, क्लाउड कंपनी आणि सामान्य माणूस यांना जोडणारा तेवढा रस्ता नाही.

चौथी, चुकलात तर भरपाई द्या. चुकीच्या आयपी पत्त्याने कुणी तुरुंगात गेला, चुकीच्या कुलपाने कुणाचा धंदा बसला, तर ज्याने चूक केली त्याच्या खिशाला ती लागली पाहिजे. त्याशिवाय काळजी घेतली जात नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

काही जण म्हणतील, एवढं केलं तर सेवा महाग होईल. होऊ दे थोडी. संसदेत सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२ हजार कोटींहून जास्त रुपये गेले. स्वस्त क्लाउडची किंमत कुणीतरी मोजतंच आहे. फक्त ती बिलावर छापलेली नसते, ती काकूंच्या गुडघ्यातून वसूल होते.

असो. या विषयातली तुमच्यापैकी बरीच मंडळी माझ्यापेक्षा जाणकार आहेत, काही तर अशा कंपन्यांत कामालाच आहेत. नऊ दिवस खातं बंद ठेवण्यामागे काही तांत्रिक कारण असेल तर जरूर सांगा, मित्राला ऐकवतो. आणि नातेवाइकांना एवढंच सांगणं, की वाहतूक पोलीस व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाहीत. आलं तर उघडू नका. आणि उघडलंच, तर लाज वाटून गप्प बसू नका. पहिला फोन १९३० ला करा, दुसरा मला.